पाणी कुठे मुरते?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आम्ही गेली तीसएक वर्षे मुलांना वर्गात समजावून सांगत आलो आहोत. लग्नाचा योग यथाकाल आलेला असल्यामुळे म्हणीचा उत्तरार्ध आम्ही अधिकारवाणीने सांगत असू. पूर्वार्धाच्या बाबतीत मात्र आमचे ज्ञान निव्वळ पुस्तकी होते. अशीच गोष्ट एका वाक्प्रचाराची. ‘यात कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे कोणी म्हटले की काहीतरी लपवाछपवी आहे असे समजावे, हा अर्थ आम्ही फळ्यावर किती वेळा लिहून दिला असेल याची गणती नाही. पण मुळात हे मुरणारे पाणी कोणते, ते मुरून जाते कुठे आणि पुन्हा वर येते ते कोणाच्या घरात, याचा विचार मराठीचे एम. ए. होऊनही आम्ही कधी केला नव्हता. तो विचार आमच्या घराने आम्हांस करावयास लावला. महाराष्ट्राबाहेर ठिकठिकाणी वसलेल्या आपल्या कुटुंबांपैकी अनेकजण आज गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत घरे बांधीत आहेत. म्हणून ही कहाणी थोडा संकोच बाजूस ठेवून सांगत आहोत.

आमचे वास्तव्य बेळगावचे. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना येथील पावसाची कल्पना येणे कठीण आहे. सह्याद्री पश्चिमेस हाकेच्या अंतरावर असल्यामुळे जूनमध्ये सुरू झालेला पाऊस श्रावण-भाद्रपदापर्यंत गावाची पाठ सोडीत नाही. गावाच्या दक्षिणेस शहापूर, वडगाव, येळ्ळूर या अंगाला भाताची शेते पसरलेली आहेत आणि बळ्ळारी नाला त्यांच्यामधून वाहतो. बेळगावी बासमतीचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना या मातीचे गुण वेगळे सांगावयास नकोत. गेल्या दोन-तीन दशकांत या शेतांच्या कडेकडेने घरे उभी राहू लागली. गावात जागा मिळेना आणि मिळाली तर परवडेना, अशा आमच्यासारख्या पगारदारांना शेताचे तुकडे पाडून केलेल्या वसाहतींचाच आधार होता.

२०१६ साली अशाच एका वसाहतीत आम्ही तीस फूट बाय चाळीस फुटांची जागा घेतली. जागा रस्त्यापासून सुमारे चार फूट खाली होती आणि म्हणूनच ती आमच्या आवाक्यात होती. स्वस्ताईचे कारण विचारावे एवढे व्यवहारज्ञान आम्हांस असावयास हवे होते. परंतु निवृत्तीपूर्वी स्वतःचे छप्पर व्हावे ही उभयतांची जुनी इच्छा एवढी प्रबळ होती की प्रश्न विचारून ती जागा दूर लोटण्याचे धैर्य झाले नाही.

शेजारच्या शिल्लक शेतात एक वयोवृद्ध शेतकरी भात करीत असत. आमची जागाही पूर्वी त्यांच्याच कसणुकीत होती. सारी वसाहत त्यांना आप्पा म्हणे. भूमिपूजनाच्या दिवशी ते बांधावर उभे राहून पाहत होते. प्रसाद देण्यास गेलो तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, ह्यो उपळाचा डाग हाय. भादव्यात हितं भुईतनं पाणी वर येतंय. आमी मदनं चर मारल्याली, म्हणून भात ऱ्हायाचं. ती चर तेवढी मोडू नका.”

‘उपळ’ हा शब्द ऐकून आम्हांस जो आनंद झाला तो भाषेच्या शिक्षकालाच कळेल. घरी येताच शब्दांच्या वहीत आम्ही तो टिपून ठेवला आणि पुढे अर्थही लिहिला : ‘पावसाळ्यात जमिनीतून वर फुटणारे पाणी.’ मग वही मिटली आणि घराचा नकाशा मंजूर करून घेण्यास गेलो. आप्पांचे वाक्य आम्ही बोलीचा नमुना म्हणून ऐकले. त्या वाक्यात आमच्या घराविषयी काही माहिती आहे हे ध्यानी आले नाही.

कंत्राटदाराने एक युक्ती सुचविली. रस्त्याच्या वर जोते आणावयाचे तर खालचा सगळा खळगा मुरूम टाकून, पाणी मारून, ठोकून भरावा लागणार. “सर, तीस-पस्तीस ट्रॉल्या मुरूम लागेल. त्यापेक्षा खांब उभे करू, भोवती भिंत घेऊ, वर स्लॅब टाकू. खाली साडेचार फूट पोकळी राहील. अडगळीला फुकटची खोली!” फुकट या शब्दाची मोहिनी शिक्षकांवरही चालते. भिंतींच्या आड येणारी आप्पांची चर, म्हणजे पाणी काढून देण्यासाठी खोदलेला उथळ पाट, पायाच्या मातीने भरून गेली. वसाहतीतील इतर घरांनीही आपापल्या हद्दीत ती भरून टाकली होती, त्यामुळे आपण काही वावगे करतो आहोत असे कोणालाच वाटले नाही. पालिकेच्या नियमासाठी पावसाचे पाणी जिरविण्याचा खड्डाही आम्ही खोदला, तोही भिंतीला लागून, कारण जागा तेवढीच उरली होती.

२०१९ च्या अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली. जोत्याखालच्या त्या पोकळीत वाकून शिरावे लागे. नातवंडांनी तिला ‘पाताळ’ असे नाव दिले. आम्ही तेथे शाळेचे जुने अंक, पुस्तकांचे गठ्ठे आणि एक लोखंडी ट्रंक ठेवली. त्या ट्रंकेत तळाशी चार वह्या होत्या. १९९१-९२ च्या सुमारास, एम. ए. च्या अभ्यासाच्या निमित्ताने, खानापूर तालुक्यातील खेड्यांतून फिरून म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या आम्ही त्यांत उतरून घेतल्या होत्या. त्या बायांपैकी आज कोणीही हयात नाही.

जून-जुलै बरे गेले. फक्त घरात एक कुबट वास येऊ लागला आणि भिंतीच्या पायथ्याशी लोणा धरू लागला. नव्या घराचे काम अजून ओले असेल, असे म्हणून आम्ही समाधान करून घेतले. ऑगस्टचा पहिला आठवडा उजाडला. २०१९ सालचा तो पाऊस बेळगावकर विसरणार नाहीत. नाला फुगून भाताची शेते एकाकार झाली, जुनी मातीची घरे कोसळली, शाळांना सुट्टी द्यावी लागली. आमच्या दारात पाणी आले नव्हते, त्यामुळे आम्ही मनातल्या मनात उंच जोत्याची वाखाणणी करीत होतो. रात्री खालून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. टॉर्च घेऊन पाताळाचे दार उघडले तर पिंप पाण्यावर तरंगत भिंतीला धडका देत होते. दोन फूट पाणी! आमची सौ. खानापूरकडच्या शेतकरी घरातली. तिने ओंजळीत पाणी घेऊन टॉर्चच्या उजेडात पाहिले आणि म्हणाली, “अहो, हे वरून आलेले पाणी नाही. वरून आले असते तर गढूळ असते. हे खालून आले आहे.”

ट्रंक बाहेर काढली तेव्हा ती नुसती भरलेली बादली झाली होती. वह्या शाईच्या पेनाने लिहिलेल्या. एका वहीची पाने निळसर, कोरी झाली होती. दुसऱ्या दोन वह्यांची पाने एकमेकांस चिकटून त्यांचे ढेकूळ झाले होते. चौथीतील थोडा भाग वाचता आला. त्या रात्री आम्ही फारसे बोललो नाही.

पाणी काढावयाचे म्हणून दुसऱ्या दिवशी भाड्याचा पंप आणला आणि नळी रस्त्यावर सोडली. पंप चाले तोवर पाणी उतरे, बंद केला की चार तासांत पुन्हा तेवढेच. तीन रात्री पंप अखंड चालविला. रस्ता खालच्या ओळीकडे उतरता आहे याची आम्हांस कल्पना होती. पण रस्त्यावरचे पाणी म्हणजे सरकारी पाणी, त्याचे पुढे काय होते ते पाहण्याचे काम आपले नव्हे, अशीच त्या वेळची आमची समजूत असावी.

शाळा पुन्हा भरल्यावर हजेरीपट पाहताना सातवीतला एक हुशार मुलगा सलग गैरहजर दिसला. वर्गशिक्षिकांनी शेऱ्यात दोनच शब्द लिहिले होते : ‘घरात पाणी’. मुलाचे घर आमच्याच वसाहतीत, आमच्या खाली चौथे. वडील यंत्रमागावर साड्या विणतात. वडगाव-शहापूरच्या भागात विणकरांची अशी शेकडो घरे आहेत. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. संध्याकाळी आम्ही गेलो तर मागाच्या खोलीत वीतभर पाणी, मोटारी उतरवून कॉटवर ठेवलेल्या आणि ताण्याचे सूत खालून भिजून काळवंडलेले. तो गृहस्थ म्हणाला, “सर, पावसाचं पाणी आम्ही दरसाल बघतो. पाऊस थांबला की तासाभरात ओसरतं. ह्यावेळी पाऊस थांबला तरी रात्रभर पाणी चढतच होतं. कुठनं येत होतं कळलं नाही.”

आम्हांला कळले होते. त्यांच्या पत्नीने त्या अवस्थेतही चहा केला. तो आम्ही घेतला आणि काही न बोलता घरी आलो, हे येथे लिहिताना हात अडखळतो. घरी येऊन पंप बंद केला. रात्रभर खाली पाणी चढल्याचे ऐकू येत राहिले. सकाळी सौ. म्हणाली, “आज जाऊन सांगून या. सांगितल्याशिवाय तुम्हाला शाळेत उभे राहता येणार नाही.” गेलो आणि सांगितले. ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “तुमच्याही घरात आलंच होतं की सर. पाणी कुठंतरी जाणारच.” रागावले असते तर बरे वाटले असते. भिजलेल्या सुताचे पैसे घ्यावेत म्हणून पुष्कळ विनवणी केली; अर्धेच घेतले.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही दुसरी चूक केली. पाणी खालून येते ना, मग खालची जमीनच बंद करू! पोकळीच्या तळाला जाड काँक्रीट आणि भिंतींना आतून जलरोधक पूड घातलेला गिलावा करून घेतला. जून-जुलै २०२० मध्ये पाताळ कोरडे ठणठणीत राहिले. शाळा तेव्हा बंद असल्यामुळे आम्ही दिवसातून दोनदा खाली उतरून त्या कोरडेपणाचे कौतुक करीत असू. ऑगस्टमध्ये मधोमध काँक्रीट पोटासारखे फुगले, तडकले आणि त्या तड्यातून पाण्याची बोटभर धार वर उडाली.

तेव्हा एका माजी विद्यार्थ्याला बोलाविले. तो आज स्थापत्य अभियंता आहे. वर्गात निबंधाला त्याला आम्ही कधी दहापैकी पाचाच्या वर गुण दिले नव्हते. त्याने काठीने तळ ठोकून पाहिला, भिंतीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, “सर, एक घनफूट पाणी म्हणजे अठ्ठावीस किलो. बाहेर जमिनीत पाणी तुमच्या तळाच्या फक्त एक फूट वर असले तरी प्रत्येक चौरस फुटाला तेवढा जोर खालून वर लागतो. तुमचा तळ सहाशे चौरस फूट. म्हणजे जवळजवळ सतरा टन. एवढ्याला गिलावा काय करणार?” मग त्याने आम्हांस जो पाठ दिला तो आमच्या शब्दांत सांगतो.

पाऊस पडला की पाणी मातीच्या रिकाम्या जागांतून खाली उतरते आणि जेथे खाली घट्ट थर लागतो तेथे साठत वर वर चढते. त्या साठ्याचा वरचा माथा म्हणजे भूजलाची पातळी. उन्हाळ्यात ती विहिरीत खोल दिसते, पावसाळ्यात चढते आणि सखल जागी जमिनीच्या अगदी जवळ येते. पातळी चढण्यास वेळ लागतो, म्हणून जूनचा मुसळधार पाऊस तळघराला सोसतो आणि श्रावणातली संततधार सोसत नाही. भातशेताची गोष्ट आणखी निराळी. पिढ्यान् पिढ्या चिखलणी करून शेतकऱ्याने नांगराच्या खाली मुद्दाम एक घट्ट थर तयार केलेला असतो, पाणी वाफ्यात टिकावे म्हणून. त्या थराच्या वर पाणी उभे राहते. आमच्या कंत्राटदाराने तो थर फोडून त्यात खळगा केला होता. म्हणजे भोवतालच्या साऱ्या शेतासाठी एक विहीरच खोदून वर घर ठेवले होते. तहान लागल्यावर विहीर खणणारे पुष्कळ पाहिले, तहान नसताना खणणारे आम्हीच!

त्यात छपराच्या पाण्याची भर. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे दोन हजार तीनशे साठ लिटर पाणी जमते. आमच्याकडे दिवसाला चार इंच हे काही अप्रूप नव्हे. ते सगळे पन्हळातून उतरून आमच्या भिंतीलगतच्या जिरवणी खड्ड्यात पडत होते. विद्यार्थी हसला, पण जपून. “सर, पाणी जिरवणे चांगलेच. पण जेथे भूजल आधीच हाताला लागते तेथे ते कोठे जिरणार? ते तुम्ही घरातच ओतत होता.”

सरळ भिंतींनी दाबून टाकता येत नाही अशा पाण्याला वाट द्यावी, हा त्याचा निष्कर्ष. आणि वाट कोणती, हे विचारावयास आम्ही दोघे आप्पांकडे गेलो. चार वर्षांपूर्वी सांगितलेले का ऐकले नाही, असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी काठी घेतली आणि घरांच्या मागून चालत गेले. जेथे जेथे काठी टेकली तेथे अळूची पाने आणि लव्हाळे दाट उगवलेले होते. “पाणी गेलं तरी त्येची झाडं सांगत्यात,” एवढेच म्हणाले. सहा घरांच्या परसांतून ती चर तिरपी जाऊन नाल्याला मिळत होती. जुना मोजणी नकाशा पाहिला, त्यावरही ती रेघ होती.

पुढचे काम पाण्यापेक्षा माणसांचे होते. सहा घरांनी आपापल्या परसातील दोन-दोन फूट पट्टी सोडावयाची. तीस बाय चाळीसच्या जागेत दोन फूट म्हणजे काय, हे ज्याने हप्ते भरले आहेत त्यालाच ठाऊक. आम्ही आधी आपली पट्टी मोकळी केली. विणकर शेजाऱ्याने दुसऱ्याच दिवशी केली. चौघांपैकी तिघे महिनाभरात तयार झाले. एकाने त्या जागेवर धुण्याची मोरी बांधली होती, ते ऐकेनात. “माझ्या घरात पाणी येत नाही,” हे त्यांचे म्हणणे खरेच होते. अखेर त्यांच्या मोरीखालून मोठा पाइप नेण्याचे ठरले आणि त्याचा खर्च बाकीच्या पाचांनी वाटून घेतला. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चर पुन्हा वाहती झाली. तीत संडास-मोरीचे पाणी कोणी सोडावयाचे नाही, एवढा एकच नियम आम्ही केला आणि तो आजवर पाळला गेला आहे.

घराभोवती काय केले तेही सांगतो, कारण विचारणारे पुष्कळ भेटतात. तीन बाजूंनी भिंतीबाहेर अरुंद चर खणली. पोकळीच्या तळापेक्षा किंचित खोल, पण पायाच्या बुडापेक्षा वरच, नाहीतर पायाखालची माती ढिली होते. तीत गाळणीचे कापड अंथरले, खडी टाकली, भोके पाडलेला चार इंची पाइप शंभर फुटांस एक फूट उतार देऊन बसविला, वर पुन्हा खडी घातली आणि कापडाची घडी मिटली, म्हणजे माती आत शिरून पाइप बुजत नाही. पाइपाचे तोंड मोठ्या चरीत सोडले आणि तेथे एकाच दिशेने उघडणारी झडप लावली. नाला तुडुंब भरला की पाणी उलटे येते म्हणून. फुगलेले काँक्रीट काढून टाकले. उघड्या तळावर जाड प्लॅस्टिक अंथरून वर खडी पसरली, जेणेकरून ओल हवेत चढत नाही. समोरासमोरच्या भिंतींत जाळीचे झरोके पाडले. जिरवणी खड्डा बुजवून छपराचे पाणी टाकीत घेतले. टाकी भरली की उरलेले चरीत जाते. भोवतालच्या जमिनीला घरापासून दूर, दहा फुटांत सहा इंच असा उतार दिला. या साऱ्यास आमचा चार महिन्यांचा पगार लागला. जोते बांधण्याआधी केले असते तर त्याच्या एका हिश्शात भागले असते, असे विद्यार्थ्याने सांगितले. आणि आप्पांचे ऐकून पोकळी न ठेवता मुरमानेच भरले असते तर बहुधा काहीच लागले नसते.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा जोराचा पाऊस झाला. नाला भरला, झडप मिटली आणि पाताळात दोन बोटे पाणी आले. नाला उतरताच तेही गेले. तेव्हापासून तेथे पाणी साठलेले नाही. पूर्ण विजय मिळाला असे आम्ही म्हणत नाही. पाण्याशी आमचा समेट झाला आहे.

नवे घर बांधू पाहणाऱ्या वाचकांस हात जोडून काही सांगावेसे वाटते. जागा उन्हाळ्यात दाखवितात. ती एकदा भाद्रपदात पाहावी. शेजारच्या विहिरीतील पाणी पावसाळ्याच्या अखेरीस कोठवर येते ते डोळ्यांनी पाहावे. चार-पाच फुटांचा एक खड्डा खणून दोन दिवस तसाच ठेवावा. त्यात पाणी उभे राहिले तर तळघराचा आणि पोकळीचा मोह सोडावा. जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा दीड फूट तरी वर घ्यावे आणि जोत्यावर ओल अडविणारा थर न चुकता घालावा, कारण विटा-दगड दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढतात. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे ज्यांची जागा काळ्या मातीत आहे त्यांना तर दुहेरी जपावे लागते. ती माती ओलीने फुगते आणि उन्हाने आकसते, भिंतींना तडे जातात. शेजाऱ्याचे जोते आपल्याहून खाली असेल तर आपले पाणी कोठे जाणार आहे हे नकाशातच ठरवावे. आणि जोत्याखाली पाणी साठलेच तर ते तसेच राहू देऊ नये. डासांना तेवढेच हवे असते.

बेळगावात पूर्वी घरोघरी विहिरी होत्या. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा पाहुण्यांच्या सोयीसाठी टिळकवाडीत खणलेली विहीर आजही आहे. रोज पोहरा टाकणाऱ्या बाईला दोर किती लागला यावरून जमिनीतले पाणी कोठवर आहे ते नकळत समजत असे. राकसकोपचे पाणी नळाने घरात आले, फार मोठी सोय झाली. पण विहिरींवर झाकणे पडली आणि ते रोजचे मोजमाप गेले. आपण कशावर उभे आहोत हे सांगणारे कोणी उरले नाही. जे उरले होते ते बांधावर उभे राहून सांगत होते.

आम्ही खेड्यापाड्यांतून ओव्या गोळा करीत हिंडलो. जुन्या माणसांच्या तोंडचे शब्द जपावेत, असे भाषणांतून सांगत आलो. आणि एका जुन्या माणसाने आमच्याच भल्यासाठी सांगितलेले वाक्य वहीत बंद करून ठेवले. वह्या गेल्या याचे दुःख आहेच. पण त्याच ट्रंकेत शब्दांची वहीही होती. तीही भिजली. तिच्यातील ‘उपळ’ हा शब्द मात्र आता वहीत पाहण्याची गरज राहिलेली नाही.

विणकर शेजाऱ्यांचा मुलगा आता महाविद्यालयात जातो. आप्पांच्या बांधावरच्या विहिरीला त्याने आतून फुटाफुटावर पांढऱ्या रेघा मारल्या आहेत. पावसाळ्यात दर रविवारी तो पातळी पाहून येतो आणि आमच्या दारात उभा राहून सांगतो, “सर, अजून सहा फूट खाली आहे.” आम्ही ते तारखेसह लिहून ठेवतो. वही वरच्या मजल्यावर असते.